जगात २०४वा म्हणजे नेमका कुठे?

बालेवाडीकर

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. पुण्यात बालेवाडीला पुरुषांची टेनिसची चॅलेंजर स्पर्धा (मोठ्या दौऱ्याच्या खालची पायरी) चालू होती. ऑफिस तिथून पाच मिनिटांवर, त्यामुळे आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन कोर्टाशेजारच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचो. मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशरो ती स्पर्धा जिंकला. अंतिम सामन्यात समोर ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅडम वॉल्टन. वाशरोने पहिला सेट गमावला आणि पुढचे दोन्ही टायब्रेकवर काढले. 

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये हाच वाशरो शांघायची मास्टर्स (ग्रँड स्लॅमच्या खालोखालची मोठी) स्पर्धा जिंकला. तेव्हा जागतिक क्रमवारीत २०४वा. पात्रता फेरीतसुद्धा त्याला थेट जागा नव्हती, राखीव यादीतून आत आला. उपांत्य सामन्यात जोकोविचला हरवलं, अंतिम सामन्यात सख्ख्या मावसभावाला, आर्थर रिंडरनेशला. बक्षीस ११ लाख २४ हजार डॉलर. त्याआधीची त्याची सगळ्या कारकिर्दीची कमाई सहा लाख डॉलरच्या आत होती.

पण मला बालेवाडीचा दुसराच एक मुलगा आठवत राहतो. पात्रतेच्या पहिल्याच फेरीत हरला होता. पायरीवर बसून रॅकेटच्या तारा छोट्या कात्रीने मधून बाहेर अशा एकेक कापत होता, सगळ्या कापून झाल्यावर गोळा करून पिशवीत भरल्या आणि पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग गटिंगवाल्याच्या, म्हणजे रॅकेटला तारा बांधून देणाऱ्याच्या, टेबलाशी जाऊन दर विचारला आणि रॅकेट न देताच परत आला.

शांघाय जिंकणारा एक. बाकीचे जगतात कसे? हे कुतूहल म्हणून विचारत नाही. माझा भाचा १६ वर्षांचा आहे, बारावीनंतर पूर्ण वेळ टेनिस म्हणतोय. बहीण मला विचारते, तू सामने बघतोस ना, सांग काय करू. मी काय सांगू?

सदाफुली

वाचतेय. माझी मुलगी १७ ची आहे आणि आमच्या घरी हाच प्रश्न रोज जेवायला बसतो. सविस्तर उत्तरं यावीत.

हिशेबनीस

सीए आहे, म्हणून आधी आकडे. सगळ्यात खालची पायरी म्हणजे १५ हजार डॉलरची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा. १५ हजार ही सगळ्या खेळाडूंची मिळून रक्कम. एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६. डॉलर ८८ रुपये धरला तर विजेत्याला १ लाख ९० हजार आणि हरणाऱ्याला १३,७००. त्यातूनही त्या देशाचा कर कापून हातात येतात.

आता प्रवास. ट्युनिशियात मोनास्तिरला जवळजवळ दर आठवड्याला अशी स्पर्धा असते. आपली मुलं एकदम तीन आठवडे जातात म्हणजे विमानाचा खर्च वाटला जातो. माझ्या अशिलाच्या मुलाचा हिशेब मी बघितलाय: जाण्यायेण्याचं विमान ६५ हजार, हॉटेल आणि जेवण रोजचे सहा हजार याप्रमाणे २३ दिवसांचे १ लाख ३८ हजार, गटिंग, विमा आणि किरकोळ मिळून २० हजार. एकूण सव्वादोन लाखांच्या आसपास. प्रशिक्षक सोबत नाही.

समजा तो तिन्ही आठवडे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, जे मुळीच सोपं नाही. ४३८ गुणिले ३, म्हणजे १,३१४ डॉलर. १ लाख १५ हजार. म्हणजे चांगलं खेळूनही एक लाखाच्या वर पदरमोड, आणि बदल्यात क्रमवारीचे सहा गुण. ते गुण वर्षभर टिकतात, नंतर गळून पडतात.

आयटीएफनेच २०१३ च्या आकड्यांवर अभ्यास केला होता. खर्च आणि बक्षीस यांची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६व्या क्रमांकावर होत होती, महिलांत २५३व्या. त्यातही प्रशिक्षकाचा खर्च धरलेला नव्हता.

रोखठोक

जबरदस्ती कुणी केली आहे का? प्रेक्षक वरच्या शंभरांना बघतात, पैसा तिथे जातो. गाणारे, नाटकवाले, चित्रकार सगळ्यांचं हेच आहे. २०४व्या क्रमांकाच्या गायकाला कोण पैसे देतं?

नागपूरचा_संत्री

रोखठोक, तुलना जवळची करूया. २०२१ पासून रणजीच्या खेळाडूला दिवसाला ४० ते ६० हजार मिळतात, किती सामने खेळलाय त्यावर. प्रवास आणि हॉटेल संघटनेचं. रणजीत एका मोसमात कितीतरी शे मुलं खेळतात. त्यांना मिळतं ते योग्यच आहे, कमी व्हावं असं मी म्हणत नाही. पण जगात तीनशेवा असलेला आपला टेनिसपटू स्वतःचं तिकीट स्वतः काढून, स्वतःची बॅग उचलून, परदेशात एकट्याने खेळतो. त्याच्या घराला कधीकधी कर्ज असतं. हे नुसतं प्रेक्षकांच्या आवडीवर सोडून देता येत नाही.

रोखठोक

क्रिकेटला क्रिकेटचे प्रेक्षक पोसतात. टेनिसला टेनिसचे प्रेक्षक पोसणार. मुद्दा तोच राहतो. पण कर्जाचं वाईट वाटलं, ते खरं.

माजी_खेळाडू

बऱ्याच वर्षांनी इथे लिहितोय. मी तीन वर्षं हे केलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

माझा सर्वोच्च क्रमांक अकराशेच्या घरात. पहिला गुण मिळायला १४ महिने लागले. तेव्हा १० हजार डॉलरच्या फ्युचर्स स्पर्धा असायच्या. आधी पात्रतेचे तीन सामने जिंकायचे, मग मुख्य फेरीत एक, तेव्हा एक गुण. मी सहा वेळा पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलो. सातव्यांदा आत गेलो आणि पहिलाच सामना जिंकलो. समोरच्या मुलाच्या पायात गोळे आले होते, तो शेवटच्या गेममध्ये खालून सर्व्ह करत होता. मी रडलो. तो नेटपाशी आला आणि मिठी मारून म्हणाला, तुझा पहिला ना? त्याचेही दोनच होते.

सोमवारी यादीत नाव आलं. घरी फोन केला. आजीला सांगितलं, आजी, मी जगात सोळाशेवा. आजी म्हणाली, वर्गात मुलं किती? आत्ता हसू येतं, पण तेव्हा वाटलं की एवढा नेमका प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या, एकेरीच्या यादीत साधारण दोन हजार नावं असतात. जगभर रॅकेट हातात घेणारी मुलं किती, हे मोजायचं कुणी?

दिवस कसा जातो ते सांगतो, कारण ते कुणी विचारत नाही. रात्री उशिरा दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक येतं. तुमचा सामना ‘तिसरा’, म्हणजे वेळ माहीत नाही. आधीचे दोन सामने दीड तासात संपतील किंवा सहा तासांत. जेवायचं कधी? पोट भरलेलं चालत नाही, रिकामंही चालत नाही. मी केळी आणि आईने दिलेल्या दशम्या यांवर दुपारी काढलेल्या आहेत. खोलीत तिघं, दोन पलंग जोडून. मोजे बेसिनमध्ये धुवायचे आणि एसीच्या जाळीवर वाळत घालायचे. सरावाला जोडीदार लागतो, तो जोडीदार म्हणजे परवाचा प्रतिस्पर्धी. हरलात तर त्याच संध्याकाळी हॉटेल सोडायचं की पुढच्या स्पर्धेपर्यंत पाच दिवस त्याच गावात थांबायचं, हा हिशेब कोर्टावरून बाहेर येतानाच डोक्यात चालू होतो. वर्षात बहुतेक आठवडे हरूनच संपतात. जिंकून आठवडा संपणारा प्रत्येक स्पर्धेत एकच.

एका कंपनीने दोन वर्षं मदत करू असं कबूल केलं होतं, चार महिन्यांनी फोन घेणं बंद केलं. मग मनगट गेलं. २४व्या वर्षी थांबलो. आता क्लबात मुलांना शिकवतो. वाईट वाटतं का, असं विचारतात. थांबल्याचं वाईट वाटतं. खेळल्याचं कधी वाटलं नाही.

सदाफुली

माजी, डोळ्यांत पाणी आणलंत. दशम्यांचं मी लिहून ठेवलं.

मुक्काम_फ्रँकफर्ट

सुमित नागलचं उदाहरण घ्यायलाच हवं. तो जर्मनीत पाइनं इथल्या अकादमीत सराव करायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने उघडपणे सांगितलं की वर्षाच्या सुरुवातीला खात्यात होते तेवढेच पैसे आहेत, ९०० युरो. तेव्हा तो भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. वर्षाचा खर्च ८० लाख ते एक कोटी. इंडियन ऑइलची नोकरी होती, आपल्याकडची महा टेनिस फाउंडेशन मदत करत होती, बक्षिसाची सगळी रक्कम तो पुन्हा खेळातच घालत होता, तरी हात रिकामेच. त्याच्या मागे २०२१ ची कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रियाही होती.

आणि चार महिन्यांनी जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रतेतून वर येऊन त्याने ३१व्या मानांकित बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. मानांकित खेळाडूला ग्रँड स्लॅममध्ये एकेरीत हरवणारा त्याआधीचा भारतीय म्हणजे १९८९ मधला रमेश कृष्णन, समोर विलँडर. दुसऱ्या फेरीचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. पुढच्या महिन्यात चेन्नईची चॅलेंजर जिंकून पहिल्या शंभरात. जुलैत ६८वा.

इथे जर्मनीत उन्हाळ्यात क्लबांची साखळी असते, फ्रान्समध्येही असते. चॅलेंजर खेळणारी कितीतरी मुलं रविवारी एखाद्या छोट्या गावाच्या क्लबकडून खेळतात. गावातली मंडळी केक भाजून आणतात, सॉसेज भाजतात, आणि पोरगा जगात अडीचशेवा आहे हे त्यांना माहीत असतं. त्या रविवारच्या मानधनावर पुढच्या महिन्याचे प्रवास निघतात. आपल्याकडे तशी साखळी हवी.

हिशेबनीस

नागलच्या बोलण्याच्याच सुमारास एटीपीने एक योजना जाहीर केली, २०२४ पासून लागू. तेव्हाचे आकडे: पहिल्या शंभरातल्याला वर्षाला किमान तीन लाख डॉलरची हमी, १०१ ते १७५ ला दीड लाख, १७६ ते २५० ला ७५ हजार. बक्षीस कमी पडलं तर फरक एटीपी भरते. चांगली सुधारणा. पण घोडं पेंड खातं ते २५१ वर. तिथून खाली काहीच नाही.

नागलचंच पुढे बघा. २०२५ मध्ये तो पुन्हा दोनशेच्या बाहेर गेला. आदल्या वर्षी जिंकलेले गुण त्याच आठवड्यात गळतात, तेवढेच परत जिंकावे लागतात. वर चढायला वर्षं लागतात, उतरायला एक मोसम पुरतो.

गटवाला_कोल्हापूर

रामराम मंडळी. धागा काढणाऱ्यांनी तारा कापणाऱ्या पोराचं लिहिलंय म्हणून लिहितोय. मधून बाहेरच्या बाजूला सारख्या कापत जायच्या, नाहीतर चौकटीवर एका अंगानं ताण पडून ती वाकते. त्या पोराला शिकवलेलं होतं, हे तुमच्या वर्णनावरूनच कळतंय.

लोकांना वाटतं तार तुटली की बदलायची. वरच्या पातळीवर तसं नसतंय. पॉलिस्टरची तार काही तासांत मरते. तुटत नाही, पण ताण जातो, चेंडू लांब पडायला लागतो. ५० पौंडाला बांधलेली रॅकेट दोन दिवसांनी हातात घेतली की मला नुसत्या आवाजावरून कळतंय. मोठे खेळाडू एका सामन्याला पाच-सहा ताज्या रॅकेटी घेऊन उतरतात. आमच्याकडची पोरं दोन रॅकेटींवर आठवडा काढतात. सामना ६-४, ७-५ असा हरला तर त्यात दोन-तीन गेम त्या मेलेल्या तारेचे असू शकतात.

म्हणून गावाकडच्या पालकांना माझं सांगणं असतं, पोराला स्वतः गटिंग शिकवा. दोन कुटुंबांनी मिळून एक मशीन घ्या. वर्षभरात पैसे फिटतात. शिवाय पोरगं स्पर्धेत दुसऱ्यांच्या रॅकेटी बांधून चार पैसे मिळवतंय. मी स्वतः बघितलेत असे.

माजी_खेळाडू

अनुमोदन. आमच्यातला एक जण मशीन बॅगेत घालून फिरायचा. विमानात वजनाचे पैसे द्यावे लागायचे, तरी परवडायचं.

रोखठोक

बरं, मग यातून मॅच-फिक्सिंग येतं ते याच गरिबीतून ना?

हिशेबनीस

बऱ्याच अंशी. २०१८ मध्ये स्वतंत्र चौकशी समितीचा अहवाल आला. तीन हजारांहून जास्त खेळाडूंना विचारलं होतं आणि साडेचौदा टक्क्यांनी प्रत्यक्ष माहिती असल्याचं सांगितलं. खालच्या स्पर्धांतल्या चालू सामन्यांचे गुण (स्कोअर) सट्टेबाजांना क्षणाक्षणाला विकले जातात, त्याचा पैसा खेळाची संस्था घेते आणि खेळणाऱ्याला १५६ डॉलर देते. यातलं शेवटचं वाक्य मला त्या टक्क्यांपेक्षा जास्त टोचतं.

माजी_खेळाडू

मला एकदा अनोळखी माणसाचा निरोप आला होता, दुसरा सेट सोड म्हणून. रक्कम मी तीन महिन्यांत मिळवत नव्हतो तेवढी. मी तो निरोप अधिकाऱ्यांना दाखवला. रात्रभर झोप लागली नाही, कारण मी त्या सामन्यात दुसरा सेट खरंच हरलो, स्वतःच्या चुकांनी, आणि वाटत राहिलं की आता कुणाला काय वाटेल.

सदाफुली

मुलींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. अंकिता रैना अहमदाबादची, लहान वयात पुण्यात हेमंत बेंद्रे सरांकडे आली. २०२० मध्ये १६०व्या क्रमांकापर्यंत गेली. पहिल्या शंभरात आली नाही म्हणून लोक हळहळतात. माझ्या मुलीच्या खोलीत मात्र तिचं छायाचित्र आहे, कारण ती वर्षानुवर्षं सोलापूरपासून युरोपपर्यंत कुठेही जाऊन खेळत राहिली.

आणि ऋतुजा भोसले. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली, परत येऊन खालच्या स्पर्धा खेळत राहिली आणि २०२३ मध्ये हांगझोच्या एशियाडला बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. पहिला सेट २-६ गेला होता.

मुक्काम_फ्रँकफर्ट

वाशरो आणि रिंडरनेश दोघेही त्याच टेक्सास ए अँड एमचे!

सदाफुली

खरंच? मग हे वाचून माझ्या घरी आजचं जेवण थंड होणार.

नागपूरचा_संत्री

पुण्याचा अर्जुन कढेही अमेरिकेतच शिकला, ओक्लाहोमा स्टेटला. एकेरीत अडकला तेव्हा दुहेरीकडे वळला आणि २०२४ मध्ये रित्विक बोलिपल्लीबरोबर अल्माटीची एटीपी स्पर्धा जिंकला. दुहेरी ही वेगळी विद्या आहे, तिला उतारवयाची सोय म्हणू नका. बोपण्णा ४३व्या वर्षी जगात पहिला झाला.

अवांतर: बालेवाडीची एटीपी स्पर्धा २०२३ नंतर गेली याची खंत अजून आहे. त्या शेवटच्या वर्षी आपला मानस धामणे १५व्या वर्षी वाइल्ड कार्डवर (क्रमवारी पुरेशी नसतानाही आयोजक देतात ती जागा) मुख्य फेरीत खेळला. मायकेल ममोकडून हरला, पण १५व्या वर्षी ती पातळी अंगावर घेणं हे कुठल्या शिबिरात मिळत नाही. इटलीत घरच्या घरी वर्षभर चॅलेंजर असतात, तिथला मुलगा ट्रेनने जाऊन खेळतो.

रोखठोक

घरच्या स्पर्धा जास्त हव्यात, हे पटलं. इतका वेळ पगाराची मागणी चालली आहे असं समजत होतो. ट्रेनने जाता येईल अशा स्पर्धा, हा सरळ मुद्दा आहे.

बालेवाडीकर

सगळ्यांचे आभार. रविवारी बहिणीकडे गेलो आणि माजींचा प्रतिसाद भाच्याला मोठ्याने वाचून दाखवला. बहीण आजीच्या प्रश्नावर हसली आणि मोज्यांवर गप्प झाली. भाचा म्हणाला, म्हणजे सहा वेळा शेवटच्या फेरीत हरूनही सातव्यांदा गेले? त्याला तेवढंच ऐकू आलं.

मी त्याला हिशेबनीसांचा मोनास्तिरचा हिशेब कागदावर स्वतःच्या हाताने मांडायला लावला. त्याने मांडला. मग तिघांनी ठरवलं ते असं: बारावी पूर्ण, तोवर देशातल्या स्पर्धा, अमेरिकेतल्या विद्यापीठांना आत्तापासून सामन्यांच्या चित्रफिती पाठवायच्या. शिष्यवृत्ती मिळाली तर चार वर्षं सराव, प्रशिक्षक आणि पदवी एकत्र. वाशरोचा प्रशिक्षक म्हणजे त्याचा सावत्र भाऊ बेंजामिन बालेरे, त्याचा स्वतःचा सर्वोच्च क्रमांकही २०४ होता, हे भाच्यानेच शोधून काढलं आणि दिवसभर सगळ्यांना सांगत होता.

शिष्यवृत्ती नाही मिळाली तर काय, ते ठरलेलं नाही. बहिणीला ते विचारायचं होतं, मी विचारू दिलं नाही. चुकलो का, माहीत नाही.

माजी_खेळाडू

विचारू द्या. मुलाला उत्तर येत नसलं तरी चालेल, पण प्रश्न घरात मोकळा असू द्या. माझ्या घरी तो दाबून ठेवला होता आणि थांबायची वेळ आली तेव्हा मला बाबांना सांगायला सहा महिने लागले.

सदाफुली

मुलीला सोलापूरच्या महिलांच्या आयटीएफ स्पर्धेच्या पात्रतेत वाइल्ड कार्ड मिळालं होतं, इथे सांगायचं राहिलं. परवा खेळली. ६-४, ३-६, आणि निर्णायक टायब्रेक ८-१०. ८-६ वर पुढे होती. समोरची मुलगी २६ वर्षांची, मॅच झाल्यावर हिच्याशी अर्धा तास बोलत बसली, कुठल्या देशात स्वस्तात राहता येतं ते सगळं सांगितलं, हिने वहीत उतरवून घेतलं.

रात्री गाडीत झोपेल असं वाटलं. टेंभुर्णीच्या पुढे उठून विचारते, आई, शेवटी चेंडू लांब जात होते ना? तार मेली असेल का?

गटवाला_कोल्हापूर

कधी बांधलेली?

सदाफुली

आठ दिवस झाले. दोनच रॅकेटी आहेत.

गटवाला_कोल्हापूर

मग मेलेलीच. दोन्ही एसटीच्या पार्सलनं पाठवा, बांधून दुसऱ्या दिवशी परत टाकतो. ताण किती ठेवते ते चिठ्ठीवर तिलाच लिहायला सांगा.